डॉक्टरकीची फी : बँकेचे तारण आणि फौजेची वर्षे

दरवर्षी नीटचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्या बेळगावजवळच्या खानापूरच्या दवाखान्यात दोन-तीन तरी पालक तपासून घ्यायला नव्हे, तर गुणपत्रक दाखवायला येतात. मुलगा किंवा मुलगी सोबत असते, बहुधा गप्प असते, आणि बोलण्याचे काम वडीलच करतात. यंदा आलेल्या एका मुलीचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बसता बसताच विचारले, "डॉक्टरबाई, पुण्याला एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) गेली तर फी लागत नाही म्हणतात, खरं सात वर्षं फौजेत द्यावी लागतात. बँकेचं कर्ज काढलं तर घर तारण ठेवावं लागतंय. तुम्ही काय केला असता?" बाहेर रुग्ण ताटकळत होते, म्हणून मी त्यांना रविवारी यायला सांगितले. रविवारी त्यांच्याशी जे बोलले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे.

हे दोन्ही मार्ग मी एकाच वाड्यात पाहिले आहेत. २००६ साली मी आणि माझा चुलतभाऊ एकाच वेळी बारावी झालो. त्याने एएफएमसीची परीक्षा दिली, जी तेव्हा स्वतंत्र घेतली जात असे, आणि त्याची निवड झाली. मला सरकारी जागा थोड्या गुणांनी हुकली आणि खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्या जुलै महिन्यात आमच्या वाड्यात आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन सह्या झाल्या. काकांनी मुलाच्या बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतर फौजेत सेवा देण्याच्या करारावर, पालक म्हणून सही केली. ते स्वतः फौजेतून हवालदार म्हणून आलेले. सोप्यावर बसून, चष्मा लावून त्यांनी तो कागद अखेरच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मी भरती झालो तेव्हा बाबानं न वाचता अंगठा दिला होता. मी निदान वाचून सही करूलोय." माझ्या वडिलांनी मात्र बेळगावात बँकेच्या टेबलापाशी उभे राहून, साहेबांनी पेन्सिलीने खूण केलेल्या प्रत्येक ठिकाणी सही केली. कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होते, आप्पांचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेले, आणि ओळखीच्या माणसाने "काही काळजी नाही" असे सांगितलेले. आमच्या सीमाभागातील कितीतरी घरांत कर्जाचे कागद आजही असेच होतात, आणि म्हणून माझी पहिली कळकळीची विनंती अशी आहे की मंजुरीपत्राचे मराठीत भाषांतर करून घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये.

त्या वेळी देशातील शिक्षणासाठी बँकांच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंतच कर्ज मिळत असे. माझी फी त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. उरलेल्यासाठी आप्पांनी घराचा उतारा गावच्या सोसायटीत ठेवून पाच लाख उचलले. सोसायटीला सूट-सवलतीची मुदत नव्हती. पहिल्याच महिन्यापासून हप्ता सुरू झाला. आई त्या पावत्या स्वयंपाकघरातील खिळ्याला अडकवलेल्या तारेत टोचून ठेवायची. माझे शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती तार दोनदा बदलावी लागली.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षी दहावी झाला होता. त्याला इंजिनिअर व्हायचे होते आणि गुणही तसे होते. त्याने डिप्लोमाचा अर्ज आणला, दोन दिवस दप्तरात ठेवला आणि न भरता आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला नाव घातले. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. आयटीआयनंतर तो उद्यमबागेतील एका कारखान्यात लागला, आणि सोसायटीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या पगारातून गेला. बँकेच्या कागदावर त्याचे नाव कोठेही नव्हते. ही गोष्ट मी आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे, कारण कर्जाबद्दल बोलताना व्याजदर, मुदत, तारण या सगळ्याची चर्चा होते आणि घरातल्या दुसऱ्या मुलाची कोणीच करत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळते. सरकारी महाविद्यालयात जागा मिळत असेल तर हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील फी मध्यमवर्गीय घराला झेपते, आणि खासगी महाविद्यालयातील सरकारी कोट्याची जागाही वर्षाला दीड लाखाच्या आसपास मिळते. मराठी मातृभाषा असलेल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांनी आणखी एक दार विसरू नये : महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त ८६५ गावांतील मुलांसाठी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत थोड्या जागा राखून ठेवल्या आहेत. जागा मोजक्या आहेत, दाखले वेळेत गोळा करावे लागतात, आणि दरवर्षी एखादे तरी मूल केवळ दाखल्यासाठी राहून जाते, म्हणून बारावीच्या दिवाळीतच कागदांना लागावे. खरी अडचण यापुढची आहे. कर्नाटकात खासगी महाविद्यालयातील खासगी कोट्याची फी आता वर्षाला दहा-बारा लाखांच्या घरात गेली आहे, आणि अभिमत विद्यापीठांत त्याहूनही बरीच जास्त आहे.

अशा जागेसाठी एखाद्या घराने स्वतःची पुंजी घालून वर ४० लाखांचे कर्ज काढले असे धरू. दरवर्षी ८ लाख याप्रमाणे पाच वर्षांत बँक ते महाविद्यालयाला देते. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यानंतर हप्ता सुरू होण्याआधी एक वर्षाची सवलत, म्हणजे पहिल्या ८ लाखांवर साडेसहा वर्षे आणि शेवटच्या ८ लाखांवर अडीच वर्षे व्याज चढत राहते. दर १० टक्के आणि व्याज सरळ धरले, तरी परतफेड सुरू होण्याच्या दिवशी ४० लाखांचे ५८ लाख झालेले असतात. ते पंधरा वर्षांत फेडायचे म्हटल्यास हप्ता महिना ६२ हजारांच्या वर जातो आणि शेवटपर्यंत भरलेली रक्कम १ कोटी १२ लाखांच्या आसपास होते. हा हिशेब मी त्या सुभेदारसाहेबांच्या समोर कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

याच हिशेबात एक वाट आहे, जी आम्हाला कोणी दाखवली नव्हती. शिक्षण चालू असतानाच जर दर महिन्याला व्याज भरत गेले, तर परतफेड ४० लाखांवरच सुरू होते आणि हप्ता ६२ हजारांऐवजी ४३ हजारांवर येतो. बऱ्याच बँका असे व्याज नियमित भरणाऱ्याला दरातही एखादा टक्का सूट देतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिना साडेसहा-सात हजार असते, शेवटच्या वर्षांत मात्र ते तेहतीस हजारांपर्यंत चढते. म्हणजे ज्या घरात निवृत्तिवेतन किंवा दुसरा पगार आहे त्यालाच हे पूर्णपणे जमेल. तरीही जेवढे भरता येईल तेवढे भरावे.

तारणाचाही नियम माहीत असावा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या वर मात्र स्थावर तारण मागितले जाते, आणि शेतजमिनीचा उतारा बँका सहसा घेत नाहीत. त्यांना बिनशेती प्लॉट किंवा नोंद व्यवस्थित असलेले घर हवे असते. आमच्याकडे घरे गावठाणात, नावे आजोबांची आणि वाटण्या तोंडी, त्यामुळे कागद उभे करण्यातच दोन महिने जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रवेशाचा पर्याय भरण्याआधीच पाहावे. कर्ज फेडू लागल्यावर व्याजाच्या रकमेवर आठ वर्षे जुन्या करपद्धतीत प्राप्तिकरात वजावट मिळते, परंतु हप्त्याच्या पहिल्या वर्षांत नव्या डॉक्टरचे उत्पन्नच एवढे नसते की त्या वजावटीचा मोठा आधार वाटावा.

यातून एक गोष्ट पुढे येते, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. आज नुसत्या एमबीबीएसवर भागत नाही. प्रत्येकाला एमडी किंवा एमएस करायचे असते, आणि बँकेचा हप्ता नेमका त्याच वर्षी सुरू होतो ज्या वर्षी मुलाने पुन्हा अभ्यासाला बसायला हवे. माझे तसेच झाले. २०१३ साली माझा हप्ता वीस हजारांच्या वर सुरू झाला तेव्हा मी एका रुग्णालयात ड्यूटी डॉक्टर होते आणि पगार सत्तावीस हजार होता. रात्रपाळी करून दिवसा अभ्यास करायचा असा बेत होता, तो तीन वर्षे बेतच राहिला. चौथ्या वर्षी स्त्रीरोगशास्त्राची जागा मिळाली ती भावाने "ताई, हप्ता मी बघतो" असे म्हटले म्हणून. तीन वर्षांचा तो विलंब कोणत्याही कर्जाच्या कोष्टकात दिसत नाही.

फौजेच्या बाजूने हेच चित्र निराळे आहे. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले आणि १९६२ पासून तेथे एमबीबीएसचे विद्यार्थी घेतले जातात. आता निवड नीटच्या गुणांवर होते, पण तेवढ्यावर संपत नाही. इंग्रजी आणि तर्कशक्तीची वेगळी परीक्षा, मुलाखत आणि फौजेची काटेकोर वैद्यकीय तपासणी असते. नीटला २० लाखांहून अधिक मुले बसतात आणि येथे जागा १४५ : मुलांसाठी ११५, मुलींसाठी ३०. शिकवणीची आणि वसतिगृहाची फी नाही, गणवेश आणि पुस्तकांसाठी भत्ता मिळतो, आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. पदवीनंतर काहींना कायम कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून कायमची नेमणूक, मिळते आणि काहींना अल्पकालीन, जे सात वर्षांचे असते. मध्येच सोडायचे झाले तर बॉण्डची रक्कम भरावी लागते आणि ती लाखांत असते.

माझा चुलतभाऊ कमिशन घेऊन बाहेर पडला त्या महिन्यापासून कमावता झाला. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन, डॉक्टर म्हणून मूळ वेतनाच्या २० टक्के व्यवसायरोध (म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) भत्ता आणि महागाई भत्ता. त्याच्या काळात आकडे लहान होते, पण डोक्यावर रुपयाचे कर्ज नव्हते हे महत्त्वाचे. काही वर्षांच्या सेवेनंतर त्याने भूलशास्त्रात एमडी केले, तेही पगार चालू असताना. मी रात्रपाळी करत होते तेव्हा तो काश्मीरमधील एका फील्ड रुग्णालयात होता, आणि आमच्यापैकी कोणाचे काम अधिक कठीण होते हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

त्याच्या बाजूची किंमतही सांगितली पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत काका गेले. त्याला निरोप त्याच दिवशी मिळाला, पण बर्फामुळे रस्ता बंद होता आणि तो घरी पोहोचला तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळी. काकूंनी त्याला एका शब्दाने विचारले नाही. तिने स्वतःच्या नवऱ्याला असाच उशिरा येताना पाहिले होते. लग्नानंतर सहा वर्षांत त्याच्या बायकोने चार गावे आणि मुलाने तीन शाळा बदलल्या. कायम कमिशन घेतल्यावर मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही, आणि निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे पुरी करावी लागतात. सात वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला निवृत्तिवेतन नसते. बेळगावात रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून असल्याने फौज आम्हाला परकी वाटत नाही, कॅम्पातून जाताना परेडचा आवाज कानावर पडतच आम्ही वाढलो, आणि याच ओळखीमुळे पालक कधीकधी हा निर्णय फार सहज घेतात. वडिलांनी फौजेत काढलेली वर्षे मुलीच्या खात्यावर जमा धरता येत नाहीत.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने दोन गोष्टी उभ्या राहिल्या : सैन्याचे स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ, जेथून पदवी घेणाऱ्यांना सात वर्षे सेवा द्यावी लागते, आणि एक शिष्यवृत्ती, जिच्यात विद्यार्थी कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयात शिकतो आणि फी सैन्य भरते, बदल्यात साधारण जितक्या वर्षांची फी तितकी वर्षे सेवा. आपल्याकडे दुसरी सोय नाही. बेळगावात किंवा हुबळीत शिकणाऱ्या मुलाची फी भरून त्याला पुढे फौजेत घेण्याची योजना असती तर आमच्या भागातील किती घरे वाचली असती, असे मला वारंवार वाटते. लष्कराला डॉक्टर हवेत, घरांना फी हवी, आणि या दोहोंना जोडणारा दरवाजा फक्त १४५ जणांना पुरतो.

परंतु एक मागचा दरवाजा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. साध्या महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरलाही लष्कराच्या वैद्यकीय सेवेत अल्पकालीन कमिशन मिळते. इंटर्नशिप पूर्ण झालेली असावी, वय तिशीच्या आत असावे आणि अंतिम वर्ष दोनपेक्षा अधिक प्रयत्नांत उत्तीर्ण झालेले नसावे. मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीनंतर थेट कॅप्टनच्या हुद्द्यावर नेमणूक होते. पहिली पाच वर्षे, आणि नंतर वाढवत एकूण चौदा वर्षांपर्यंत. ४० लाखांच्या कर्जाचा ६२ हजारांचा हप्ता ड्यूटी डॉक्टरच्या पगारातून निघत नाही, कॅप्टनच्या पगारातून निघतो, आणि राहण्या-खाण्याचा खर्च थोडा असल्यामुळे मुदतीआधीही कर्ज बरेच हलके करता येते. मुख्य म्हणजे हा निर्णय सतराव्या वर्षी नव्हे, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, स्वतः डॉक्टर झाल्यावर घ्यायचा असतो. मला २०१२ साली हे कोणी सांगितले असते तर मी निश्चित अर्ज केला असता.

म्हणून त्या रविवारी मी माझे मत आडपडदा न ठेवता सांगितले. मुलीला एएफएमसीचे बोलावणे आले आणि तिला ते आयुष्य मान्य असेल, तर मी कर्जापेक्षा ते पसंत करीन, आणि ते फी वाचते म्हणून नव्हे. फौजेचा बॉण्ड जी शिकते तिच्याच वर्षांनी फिटतो. बँकेचे कर्ज आईच्या तारेतल्या पावत्यांनी आणि भावाच्या पाळ्यांनी फिटते, ज्यांनी काही शिकलेले नसते. मला हा फरक न्यायाचा वाटतो. मात्र मुलीला ते आयुष्य नको असेल तर केवळ घर वाचावे म्हणून तिला तेथे ढकलू नये. नाइलाजाने गणवेश घातलेल्या डॉक्टरच्या हाती जवानाचा जीव देणे हेही बरोबर नाही. सुभेदारसाहेबांनी ही गोष्ट माझ्यापेक्षा चटकन मान्य केली. मुलीला मी वेगळे बसवून विचारले, तेव्हा तिने लेफ्टनंट जनरल झालेल्या डॉ. माधुरी कानिटकर यांचे नाव घेतले, आणि त्या बालरोग विभागात मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करत होत्या हेही तिला माहीत होते. तिचे उत्तर तिच्याजवळ तयार होते. ते वडिलांसमोर उच्चारायचे तेवढे राहिले होते. तिला मी तपासणीसाठी डोळे, दात आणि गुडघे आत्ताच दाखवून घ्यायला सांगितले, आणि निवड झाली नाही तर खासगी जागेचे पैसे भरण्याआधी पुन्हा एकदा भेटायला सांगितले.

माझे बँकेचे कर्ज २०२० साली फिटले. सोसायटीने घराचा उतारा त्याआधीच परत दिला होता. तो ज्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आप्पांनी नेला होता त्याच पिशवीत तो आता ट्रंकेत आहे. भावाची मुलगी यंदा नववीत गेली आणि तिलाही डॉक्टर व्हायचे आहे. तिच्या नावाने मी दोन वर्षांपूर्वी खाते उघडले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्यात वीस हजार भरते. सरकारी जागा मिळाली तर ते पैसे तिच्या पुढच्या शिक्षणाला होतील. कर्ज काढावेच लागले तर पहिल्या महिन्यापासूनचे व्याज त्या खात्यातून जाईल. वहिनीला सांगून ठेवले आहे की काही झाले तरी ट्रंकेतली ती पिशवी काढायची नाही.